धमकीचं पत्र आलं: काय करायचं आणि खर्च किती?

‘सदर नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांचे आत पूर्तता न केल्यास आपणाविरुद्ध दिवाणी व फौजदारी स्वरूपाची कारवाई करण्यात येईल आणि त्याच्या होणाऱ्या खर्चास व परिणामास आपण सर्वस्वी जबाबदार राहाल.’ त्याखाली आणखी एक ओळ: ‘नोटिशीचा खर्च रु. ५,००० आपणावर बसविला आहे.’ घरात कोणीच कोर्टाची पायरी चढलेलं नसेल, तर एवढ्या दोन ओळींनी झोप उडते. मग कोणी पत्र फाडून टाकतो, कोणी तिरमिरीत पाठवणाऱ्याला फोन लावतो, तर कोणी शेजाऱ्याच्या ओळखीतल्या वकिलाकडे जाऊन तो मागेल ती रक्कम देऊन येतो. तिन्हींतून नुकसान होतं, फोनमधून सर्वांत जास्त.

कुठल्या पत्राला काय करायचं, किती दिवसांत आणि किती पैशांत, हे इथे सांगतो आहे. वकिलांच्या फीचे आकडे ढोबळ आहेत. गाव, न्यायालय आणि वकिलाचा अनुभव यांनुसार ते खालीवर होणारच. सरकारी शुल्क आणि मुदती मात्र कायद्यातल्या आहेत.

पहिल्या दिवशी, शून्य रुपयांत

लिफाफा टाकू नका. पत्राइतकंच त्याला महत्त्व आहे, कारण पोस्टाचा शिक्का, बारकोड आणि पाठवल्याची तारीख त्याच्यावर असते. मिळाल्याची तारीख आणि वेळ एका कागदावर लिहून ठेवा, पत्राचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. निनावी, शिवीगाळीचं किंवा जिवाच्या धमकीचं पत्र असेल तर ते घरभर हातोहात फिरवू नका. दुसऱ्या कोऱ्या पाकिटात घालून बाजूला ठेवा, पुढे हस्ताक्षर आणि बोटांचे ठसे तपासायची वेळ येऊ शकते.

पोस्टमनने आणलेलं पत्र ‘घ्यायला नकार’ असा शेरा मारून परत पाठवणं ही आपल्याकडची जुनी युक्ती. तिचा काही उपयोग नाही. बरोबर पत्त्यावर पाठवलेली नोटीस मुद्दाम नाकारली तर ती मिळाली असंच धरलं जातं. धनादेशाच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. त्यामुळे मुदत सुरू होते आणि पत्रात काय लिहिलंय हे तुम्हालाच ठाऊक नसतं.

धमकी व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर आली असेल तर नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. मूळ संदेश आणि तो फोन जपा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि नवा फोन घेताना जुना विकून टाकला की तिथेच घोडं अडतं.

वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे

वकिलाच्या लेटरहेडवरचं पत्र हे त्याच्या पक्षकाराचं म्हणणं असतं. त्यातले ‘सात दिवस’ बहुतेक वेळा वकिलानेच ठरवलेले असतात. ते उलटून गेले म्हणून आठव्या दिवशी दारात बेलिफ उभा राहत नाही. नोटिशीचे पाच हजारही केवळ लिहिले म्हणून देणं लागत नाहीत. खर्च कोणी कोणाला द्यायचा हे शेवटी न्यायालय ठरवतं. अब्रूनुकसानीच्या नोटिशीत तर पाच-पाच कोटींचे आकडे सर्रास असतात. नोटिशीत कोटी लिहायला काही पडत नाही, पण तोच दावा दाखल करताना दावेदाराला रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात ती दहा लाख रुपयांपर्यंत जाऊ शकते. म्हणून नोटिशीतला आकडा बघून घाम फुटू देऊ नका, त्यात आरोप काय केलाय ते वाचा.

काही नोटिशींची मुदत मात्र खरोखर कायद्यातली असते आणि ती चुकली तर महागात पडतं. धनादेश न वटल्याच्या नोटिशीला १५ दिवस. तारण कर्ज थकल्यावर बँक सरफेसी कायद्याखाली पाठवते त्या नोटिशीला ६० दिवस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याखालच्या जुन्या भाडेकरूला थकीत भाड्याची नोटीस आली असेल तर ९० दिवस. या तिन्हींपैकी एखादी हातात पडली तर ‘बघू पुढच्या महिन्यात’ चालत नाही.

उत्तर द्यायलाच हवं का? साध्या नोटिशीला उत्तर देण्याची सक्ती कायद्यात नाही. तरीही द्यावं, असं माझं मत. गप्प राहिल्याचा अर्थ पुढे तुमच्याविरुद्ध लावला जातो, आणि दोन वर्षांनी साक्षीत सांगितलेली हकिकत ‘मागाहून सुचलेली’ ठरते. तालुक्याच्या ठिकाणी नोटिशीच्या उत्तराला साधारण हजार ते तीन हजार रुपये पडतात. नाशिक, नागपूर, पुण्यात तीन ते सात हजार, मुंबईत पाच हजारांपासून पंधरा हजार आणि त्याहून जास्तही. तुम्ही व्यवसायासाठी नव्हे, वैयक्तिक कामासाठी वकील लावला असेल तर त्या फीवर जीएसटी लागत नाही. कोणी बिलात लावला असेल तर विचारा. पोस्टाचा खर्च शंभर रुपयांच्या आत. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा स्पीड पोस्टमध्ये मिसळली, तेव्हा नोंदणी आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टच मागायचं.

प्रकरण अगदीच साधं असेल, म्हणजे ज्या देण्याची मागणी आहे ते तुम्ही केव्हाच फेडलंय आणि पावती हातात आहे, तर स्वतः लिहिलेलं अर्ध्या पानाचं उत्तरही चालतं. तुमची नोटीस अमुक तारखेला मिळाली, त्यातला मजकूर मान्य नाही, रक्कम अमुक तारखेला दिली असून पावतीची प्रत सोबत आहे. संपलं. बायकोच्या आजारपणाची, नोकरी गेल्याची, ‘थोडे दिवस सांभाळून घ्या’ची कहाणी त्यात घालू नका. सांभाळून घ्या म्हणणं म्हणजे देणं कबूल करणं, आणि समोरचा वकील नेमका त्याच वाक्याखाली रेघ मारतो. फोन करू नका म्हणालो ते याचसाठी. हल्ली प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो.

बांधकाम पाडू, जमिनीवर मनाई हुकूम आणू, अशी भाषा असेल तर कॅव्हेटचा विचार करा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली न्यायालयात आधीच अर्ज देऊन ठेवला की तुम्हाला कळवल्याशिवाय एकतर्फी हुकूम सहसा होत नाही. तो ९० दिवस टिकतो, मग पुन्हा दाखल करावा लागतो. कोर्टाचं शुल्क किरकोळ असतं, वकिलाचे दीड ते पाच हजार. जमिनीच्या भांडणात याइतका स्वस्त विमा दुसरा नाही.

धनादेश परत गेला असेल तर

इथे जरा थांबतो, कारण छोट्या व्यापाऱ्याच्या आणि हातउसने घेणाऱ्याच्या घरी सर्वांत जास्त हीच नोटीस येते. धनादेश परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांच्या आत समोरच्याने लेखी नोटीस द्यायला हवी. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही रक्कम दिली तर विषय मिटला. नाही दिली तर त्यानंतर एका महिन्यात त्याला फौजदारी तक्रार करता येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. खटला चालू असताना २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायचा हुकूमही न्यायालय करू शकतं. ईएमआयचा ऑटो-डेबिट खात्यात पैसे नसल्याने परत गेला तरी २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्याच्या कलम २५ खाली जवळजवळ असंच प्रकरण उभं राहतं. बऱ्याच जणांना हे नोटीस आल्यावरच कळतं.

आता हिशेब करा. पन्नास हजारांचा धनादेश आहे आणि देणं खरं आहे. खटला लढवायचा तर वकिलाचे पंधरा ते चाळीस हजार, शिवाय दर तारखेला कामाचा खाडा. देणं खरं असेल तर त्या पंधरा दिवसांत पैसे द्यावेत. रोख नको, बँकेतून, आणि लेखी पोच घेऊन. मुदत हुकली तरी तडजोडीची वाट बंद होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आखून दिल्याप्रमाणे आरोपीने आपला बचावाचा पुरावा नोंदवण्याआधी रक्कम भरली तर जादा खर्च न लावता प्रकरण मिटवता येतं. त्यानंतर पण निकालाआधी मिटवलं तर ५ टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात साडेसात टक्के आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलात तर १० टक्के रक्कम विधी सेवा प्राधिकरणाकडे भरावी लागते. जितका उशीर तितका दर चढा.

सही केलेला कोरा धनादेश तारण म्हणून दिला होता आणि समोरच्याने मनाला येईल तो आकडा भरला, असं असेल तर मात्र नोटिशीचं उत्तर वकिलाकडूनच द्या, आणि १५ दिवसांच्या आत. उत्तरच दिलं नव्हतं, हा मुद्दा न्यायालयं आरोपीच्या विरोधात धरतात.

वसुलीवाल्यांची पत्रं

कर्ज थकलं म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत. फसवणूक केली किंवा धनादेश न वटल्याचा खटला झाला तर गोष्ट वेगळी. नुसता हप्ता थकणं हा गुन्हा नाही. ‘अटक वॉरंट निघालं आहे’ असं वसुली एजंटाच्या पत्रात छापलेलं असेल तर ते पत्र जपून ठेवा, तक्रारीत तेच कामाला येतं. एजंटाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, धमकावू नये, नातेवाइकांसमोर बदनामी करू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या परिपत्रकात बजावलं आहे. आधी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. ती ऑनलाइन होते, शुल्क शून्य, वकील लागत नाही. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

घर तारण असेल आणि ६० दिवसांची नोटीस आली असेल तर त्या काळात लेखी हरकत घ्या. बँकेला तिचं उत्तर १५ दिवसांत, कारणांसह द्यावंच लागतं. हा टप्पा लोक वाया घालवतात आणि ताब्याची नोटीस दारावर चिकटल्यावर धावाधाव करतात. ताब्याची कारवाई झाली की ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जावं लागतं. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे ती आहेत. कर्जदारासाठी शुल्क असं: देणं दहा लाखांच्या आत असेल तर दर लाखाला ५०० रुपये. त्यापुढे ५,००० आणि दहा लाखांवरच्या प्रत्येक लाखाला २५०, कमाल एक लाख. म्हणजे पंचवीस लाखांच्या देण्याला ८,७५० रुपये. वकिलाची फी याच्या कितीतरी पट, चाळीस-पन्नास हजारांच्या खाली क्वचितच.

खासगी सावकाराची धमकी असेल तर वाट निराळी. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं हाच गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे साध्या कागदावर तक्रार करता येते. त्यांना सावकाराच्या घरा-दुकानाची झडती घेण्याचा अधिकार आहे, आणि कर्जापोटी लिहून घेतलेली जमीन परत करण्याचा आदेशही ते देऊ शकतात. पोलीस ठाण्यात जाण्याआधी किंवा सोबतच हा अर्ज करा. खर्च झेरॉक्सचा.

लोक अदालतीचं बोलावणं

राष्ट्रीय लोक अदालतीच्या आधी हजारो घरांत विधी सेवा समितीच्या नावाचं एक पत्र जातं. मोबाइलचं जुनं बिल, महावितरणची थकबाकी, पतसंस्थेचं कर्ज, वाहनाचं ई-चलान. मथळ्यात न्यायालयाचा उल्लेख, खाली ‘दाखलपूर्व प्रकरण’. लोकांना समन्सच वाटतं. ते समन्स नसतं, खटला अजून दाखलच झालेला नसतो. गेलं नाही म्हणून वॉरंट निघत नाही. पण जावं, असं मी म्हणेन, कारण फी नाही, वकील नको आणि व्याजात बऱ्यापैकी सूट मिळू शकते. फक्त एक लक्षात ठेवा. तिथे सही केलेल्या तडजोडीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकुमासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. हप्ते झेपणार नसतील तर गर्दीत घाईने सही करू नका.

खरीखुरी धमकी: जिवाची, अब्रूची, खंडणीची

आता पोलीस ठाण्याकडे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यामुळे जुन्या ५०६ ऐवजी आता कलम ३५१. साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत कैद. जिवे मारण्याची, गंभीर दुखापतीची किंवा आग लावून मालमत्ता नष्ट करण्याची धमकी असेल तर सात वर्षांपर्यंत. निनावी पत्राने धमकावलं तर आणखी दोन वर्षांपर्यंत वाढीव.

ऐकायला भारी वाटतं. पण ठाण्यात गेल्यावर ठाणे अंमलदार म्हणतो, ‘एनसी घेतो.’ कारण हे गुन्हे केंद्रीय अनुसूचीप्रमाणे अदखलपात्र आहेत. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस त्यांचा तपास करू शकत नाहीत. तुमचं म्हणणं रजिस्टरात उतरतं, हातात एक पान मिळतं आणि त्याच्या तळाशी ठरलेला शेरा असतो: सक्षम न्यायालयात दाद मागण्याची समज देण्यात आली. बहुतेक लोक इथेच हात टेकतात.

म्हणूनच ठाण्यात जाण्याआधी पत्र पुन्हा एकदा, शब्दन् शब्द वाचा. त्यात काही मागितलंय का? पैसे, जमिनीचा तुकडा, कोऱ्या कागदावर सही, साक्ष मागे घेणं? भीती घालून पैसे, मालमत्ता किंवा सही केलेला दस्त मागितला असेल तर प्रकरण खंडणीत जातं, कलम ३०८. पैसे दिलेच पाहिजेत असं नाही. वसूल करण्यासाठी भीती घातली एवढंही पुरे. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची भीती घातली असेल तर शिक्षा सात वर्षांपर्यंत. आणि हा गुन्हा दखलपात्र आहे. एका प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७४ सांगतं. म्हणजे ‘बघून घेईन’ लिहिलं तर एनसी, ‘पाच लाख दे नाहीतर बघून घेईन’ लिहिलं तर एफआयआर. तक्रार लिहिताना मागणीचं वाक्य पहिल्याच परिच्छेदात, पत्रातल्या शब्दांत जसंच्या तसं घ्या. लोक दोन पानं शेजाऱ्याचा जुना इतिहास लिहितात आणि मागणीची ओळ शेवटी कुठेतरी हरवते.

गावकीने किंवा जातपंचायतीने वाळीत टाकण्याची धमकी दिली असेल तर महाराष्ट्राचा स्वतःचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, जुलै २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, आणि गुन्हा दखलपात्र. ‘करणी करतो’ असल्या पत्रांना २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होऊ शकतो. ठाण्यात या कायद्यांची नावं तुम्हालाच घ्यावी लागतील, अशी तयारी ठेवा. तंटामुक्ती समितीपुढे बांधाचा वाद न्यावा, खंडणीचं पत्र नेऊ नये.

खर्चाचं म्हणाल तर एफआयआरला पैसा लागत नाही. तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य द्यायची असते. कोणत्याही ठाण्यात ती नोंदवता येते, आपली हद्द नाही म्हणून परत पाठवता येत नाही. ऑनलाइन पाठवलेल्या माहितीवर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ठाण्याबाहेर बसलेला टायपिस्ट तक्रारीचे शे-दोनशे घेईल, पण हाताने लिहिलेली चालते. दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्या. पोच मिळेपर्यंत तिथून उठू नका.

एफआयआर नाकारली तर तीच तक्रार स्पीड पोस्टने पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर उपायुक्तांना पाठवा. महिनाभरात हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. ‘माझ्या अमुक तारखेच्या तक्रारीवर काय कारवाई केली’ एवढं विचारलेल्या अर्जाने फाइल हलते, हा अनुभव जुना आहे. त्याही पुढे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज. इथे वकील लागतो, दहा ते तीस हजार. न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. पाचशेचा स्टॅम्प पेपर आणायला सांगितलं तर का, ते विचारा.

एनसीचं काय करायचं? दोन वाटा आहेत आणि त्यातली स्वस्त वाट कोणी सांगत नाही. त्याच संहितेच्या कलम १२६ खाली, म्हणजे जुन्या बोलीत ‘चॅप्टर केस’ करून, समोरच्याकडून शांतता राखण्याचा बंधपत्रासह जामीन घ्यावा अशी मागणी पोलिसांकडे लेखी करा. ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे चालते. ग्रामीण भागात बहुधा तहसीलदार, आयुक्तालयाच्या शहरांत सहायक पोलीस आयुक्त. बंधपत्र एक वर्षापर्यंतचं असू शकतं. तुमचा खर्च शून्य, आणि शेजारी-भाऊबंदांच्या भांडणात हा इलाज खटल्यापेक्षा लवकर लागू पडतो. दुसरी वाट खासगी फौजदारी तक्रारीची. वकिलाचे पंधरा ते पन्नास हजार, वर दर तारखेचे वेगळे, आणि नव्या कायद्यात दखल घेण्याआधी आरोपीचंही म्हणणं ऐकावं लागत असल्याने वेळ आणखी जातो. साध्या धमकीची तक्रार तीन वर्षांच्या आत करावी लागते. जीव धोक्यात वाटत असेल तर यातलं काहीही वाचत न बसता ११२ लावा.

सरकारी वाटणारी खोटी पत्रं

सीबीआय, ईडी, कस्टम्स यांच्या शिक्क्यांची पीडीएफ येते आणि ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवतात. असली अटक कोणत्याही कायद्यात नाही. हजर राहण्याची पोलिसांची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं आहे. ‘आज रात्री साडेनऊला वीज कापू’ हा संदेशही खोटाच, कारण वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा. इथे तासांचा नव्हे, मिनिटांचा प्रश्न असतो.

वकील करताना

सुरुवातीलाच तीन आकडे वेगळे करून घ्या: नोटिशीच्या उत्तराचे किती, प्रकरण दाखल झालं तर किती, आणि प्रत्येक तारखेचे किती. ‘पुढचं पुढे बघू’ म्हणणाऱ्याकडे पुढचंच महाग असतं. वसूल झालेल्या रकमेत टक्केवारी मागायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. पावती मागा, मूळ कागद देऊ नका, प्रती द्या. आणि वकिलाने काम बिघडवलं तर ग्राहक मंचात जाईन, या भरवशावर राहू नका. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करता येते, पण त्यातून तुमचे पैसे परत मिळतीलच असं नाही.

मुलं परदेशात आणि नोटीस पुण्यातल्या आई-वडिलांच्या घरी, असं हल्ली बरंच होतं. नोटिशीचं उत्तर देण्यासाठी मुलाने वकिलाला ईमेलवर सूचना दिल्या तरी भागतं. दावा लढवायचा झाला तर मुखत्यारपत्र लागेल. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्याचं मुद्रांक शुल्क भरून घ्यावं.

फी परवडत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि तो हक्क आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत हवं. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं आणि तालुक्याला समितीचं कार्यालय असतं. तिथे साध्या अर्जावर काम होतं, किंवा १५१०० वर फोन करा. हातात पत्र आहे आणि मुदतीचे दिवस चालू आहेत, तर तो फोन आजच करा.